छोट्या ट्रॅक्टरला कोणता पंजा? मृगाआधीच्या कामांसाठी सल्ला

ऊस कारखान्याला गेला की मृगापर्यंत रान साफ करायला दोन-अडीच महिने मिळतात. बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडे बांधावरची घाणेरी आणि रानमोडी काढायची असते. चिकोडी-अथणीकडे ओढ्याकाठी वेडी बाभूळ माजलेली असते (आपल्याकडचे कन्नड शेतकरी तिला बळ्ळारी जाली म्हणतात). उकिरड्यातले शेणखत रानात न्यायचे, वाऱ्याने पडलेली झाडे ओढायची, मुरघासाचे गठ्ठे हलवायचे, हीही कामे याच दिवसांत येतात. ही सगळी कामे एकाच पंजाने (ट्रॅक्टरपुढे बसणाऱ्या, जबड्यात माल पकडणाऱ्या अवजाराने) होतील असे समजून मोठा, जड, दिसायला दणकट पंजा आणला जातो, आणि 20-25 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर तो उचलण्यातच दमतो. म्हणून पंजा बघायला जाण्याआधी आपला लोडर (ट्रॅक्टरपुढचे उचलायचे हात) किती उचलतो आणि आपल्या ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक कसे आहे, हे तपासा.

आधी वजनाचा हिशोब

लोडरच्या माहितीपत्रकात जी उचल क्षमता दिलेली असते, ती बहुधा बकेटच्या पिनेपाशी, म्हणजे बकेट लोडरच्या हाताला जोडतात तिथे, मोजलेली असते. माल मात्र पिनेच्या अर्धा-पाऊण मीटर पुढे असतो, त्यामुळे क्षमता साधारण चौथ्या हिश्श्याने कमी धरावी. त्यातून पंजाचे स्वतःचे वजन वजा करा. पिनेपाशी 350 किलो उचलणारा लोडर घ्या. माल पुढे असल्यामुळे त्याचे 260 किलो झाले. 130 किलोचा पंजा लावला की उरले 130.

आता ओल्या लाकडाचे वजन बघा. खोडाचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, त्याला 0.785 ने आणि मग लांबीने गुणा, म्हणजे घनमीटर निघतात. बाभूळ किंवा निलगिरीचे ओले लाकूड घनमीटरला ढोबळमानाने 1000 किलो धरावे. 25 सेंटिमीटर जाडीचे अडीच मीटर खोड 120 किलोच्या वर जाते, म्हणजे वरच्या लोडरची ताकद एका खोडातच संपली. 30 सेंटिमीटर जाडीचे तीन मीटर खोड 210 किलोचे भरते. ते उचलायचे नसते. एक तर तोडून दोन तुकडे करायचे, नाही तर ओढून न्यायचे.

यावरून आमचे स्पष्ट मत असे की, 30 अश्वशक्तीच्या आतल्या ट्रॅक्टरसाठी पंजा निवडताना हलका आणि अरुंद बाजूला झुकावे. पंजाची रुंदी ट्रॅक्टरच्या चाकांच्या बाहेरच्या कडेएवढी असली की पुरे. त्यापुढची प्रत्येक वीत म्हणजे नुसते वजन.

टू-व्हील ड्राइव्ह छोट्या ट्रॅक्टरचा पुढचा अॅक्सल लोडरच्या भारासाठी बनवलेला नसतो. लोडर बसवण्याआधी कंपनीकडून तो चालतो की नाही हे लेखी घ्या, नाहीतर वॉरंटीही जाते.

ट्रॉलीच्या जॅकची लाइन पंजाला चालत नाही

सर्वात जास्त पैसे वाया जातात ते इथे. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरना मागे डंपिंग ट्रॉलीसाठी तेलाची एकच लाइन असते. तेल एका बाजूने जॅकमध्ये (तेलाच्या दाबाने रॉड ढकलणाऱ्या नळकांड्यात) जाते, ट्रॉली वर होते, आणि खाली येते ती स्वतःच्या वजनाने. पंजाच्या जबड्याला उघडतानाही आणि दाबतानाही तेलाचा जोर लागतो, म्हणजे दोन लाइन आणि डबल अॅक्टिंग व्हॉल्व्ह हवा. स्प्रिंगने मिटणारा जबडा कोणी सुचवला तर घेऊ नका. काट्याचा ढीग स्प्रिंगने दबत नाही, वाटेत सांडत जातो.

लोडरच्या व्हॉल्व्हला बहुधा दोन दांडे असतात: एक हात वर-खाली करायला, एक बकेट वळवायला. जबड्यासाठी तिसरा लागतो. तिसरा दांडा असलेला व्हॉल्व्ह बसवणे हा चांगला मार्ग. स्वस्तातला मार्ग म्हणजे 12 व्होल्टचा डायव्हर्टर व्हॉल्व्ह. दांड्यावरचे बटण दाबून धरले की बकेट वळवण्याचे तेल जबड्याकडे जाते. यात बकेट वळवणे आणि जबडा मिटणे एकाच वेळी होत नाही. दिवसाकाठी तास-दोन तासच काम असेल तर तेवढ्याने अडत नाही.

जॅकचा आकारही हिशोबाने घ्या. 50 मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) जॅक 150 बार दाबावर सुमारे तीन टन ढकलतो. जबड्याची लांबी आणि जॅकची जोडणी यांचे प्रमाण पाचास एक असेल, तर दाताच्या टोकाला सहाशे किलोची पकड मिळते. छोट्या ट्रॅक्टरला यापेक्षा जास्त लागत नाही. 200 मिलिमीटर स्ट्रोकला (रॉडच्या पूर्ण चालीला) जेमतेम 0.4 लिटर तेल लागते, म्हणून मिनिटाला 15 लिटर देणाऱ्या पंपावरही जबडा दीड-दोन सेकंदांत मिटतो. 63 मिलिमीटरचा जॅक घेतला तर पकड वाढते खरी, पण दातच वाकतात.

जॅकवर पायलट चेक व्हॉल्व्ह (जॅकमधले तेल आपोआप परत जाऊ न देणारी झडप) असल्याची खात्री करा. होज पाइप फुटला तरी त्यामुळे जबडा मिटलेला राहतो. किमतीत फारसा फरक पडत नाही, पण बरेच कारागीर मागितल्याशिवाय तो बसवत नाहीत.

कोणत्या कामाला कोणता जबडा

बकेटवर बसणारा जबडा. आहे त्या बकेटच्या वरच्या कडेला एक जबडा वेल्ड करून किंवा बोल्टने बसवतात. जॅकसह 40 ते 60 किलो. शेणखत, माती मिसळलेला कचरा, दगड, नारळाच्या झावळ्या, छाटलेल्या द्राक्षवेली हे सगळे यात धरता येते, आणि जबडा उघडा ठेवला की बकेट नेहमीसारखी वापरता येते. ज्यांच्याकडे जनावरे आहेत आणि दरवर्षी खत रानात जाते, त्यांनी दुसरे काही बघूच नये. उणीव एकच: झुडुपे मुळासकट उचलताना माती बकेटमध्येच राहते, आणि चिकोडीकडच्या काळ्या रानात वळवानंतर ती माती वजनाने झुडुपापेक्षा जास्त भरते.

दात्यांचा पंजा. तळाला पत्र्याऐवजी उभे दाते, वर जबडा. घाणेरीचे बेट, वेड्या बाभळीच्या फांद्या, उपटलेली मुळे यांच्यासाठी हाच खरा. उचलून दोनदा हलवला की माती दात्यांतून गळते आणि ढीग हलका होतो. दात्यांमधले अंतर 15 ते 20 सेंटिमीटर असावे. जांभ्याच्या रानातले दगड वेचायचे असतील तर 8 ते 10. दोन्ही कामे एकाच पंजाने नीट होत नाहीत, म्हणून आपल्याकडे कोणते काम जास्त आहे ते आधी ठरवा. शेणखत यात टिकत नाही. दात्याचा पत्रा 10 मिलिमीटरच्या आत नको, टोके झिजली तर बदलता येतील अशी असावीत.

जबडा एक की दोन? एकच रुंद जबडा असेल आणि डावीकडे जाड खोड आले, तर जबडा तिथेच अडतो आणि उजवीकडचा माल सैल राहतो. दोन सुटे जबडे आपापल्या मालावर बसतात. पण दुसरा जबडा, दुसरा जॅक आणि पाइप मिळून तीस-चाळीस किलो वाढतात. छोट्या ट्रॅक्टरला मधोमध एकच जबडा, रुंदीच्या निम्म्याएवढा, हे चांगले जमते.

गठ्ठ्याचा पंजा. मुरघासाचे प्लास्टिकने गुंडाळलेले गठ्ठे दात्यांच्या पंजाने अजिबात उचलू नका. बोटभर भोक पडले तरी हवा आत जाते आणि भोकाभोवती बुरशी धरते. दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या गुळगुळीत गोल पाइपांचा पंजा यासाठी हवा. वर्षाला चाळीस-पन्नासच गठ्ठे असतील तर तो विकत घेण्यात अर्थ नाही.

उसाची गोष्ट वेगळी. तोडलेला ऊस ट्रॉलीत भरणारे ग्रॅबर मोठ्या ट्रॅक्टरवर असतात. छोट्या लोडरची उंची दोन मीटरच्या आसपास संपते आणि भरत्या ट्रॉलीच्या वरच्या थरापर्यंत तो पोचत नाही. बेण्याच्या मोळ्या सरीच्या तोंडाशी नेण्यापुरता त्याचा उपयोग आहे. आणि खोडव्याचा पाला पंजाने गोळा करून बांधावर टाकू नका, पेटवूही नका. त्याची जागा सरीत आहे, तो ओल धरतो.

मागचा चिमटा. ज्यांच्याकडे लोडरच नाही आणि काम फक्त खोडे ओढण्याचे आहे, त्यांच्यासाठी साखळीला टांगलेला कात्रीसारखा चिमटा पुरतो. हायड्रॉलिक लागत नाही, जितके ओढाल तितका तो आवळतो. साखळी मागच्या अॅक्सलच्या खाली, ट्रॉली ओढायच्या ड्रॉबारलाच अडकवा. टॉपलिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) कडीला अडकवली आणि खोड बुंध्याला अडले, तर ट्रॅक्टर पुढून उचलून मागे उलटतो. हे सेकंदाभरात होते, क्लच दाबायला वेळ मिळत नाही.

मागे वजन

पुढे माल उचलला की मागची चाके हलकी होतात, ब्रेक लागत नाही आणि बांधावर ट्रॅक्टर कलतो. मागच्या टायरमध्ये पाणी भरा (व्हॉल्व्ह वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत) आणि थ्री-पॉइंटला (मागे अवजार जोडतात तिथे) काँक्रीटचा ठोकळा लावा. अर्धा मीटर लांब, रुंद आणि उंच ठोकळा 300 किलोचा होतो. तुमच्या लिफ्टला तेवढे झेपते का ते आधी बघा.

माल नेताना जमिनीपासून फूट-सव्वा फूट उंचीवर ठेवा. उतारावर माल नेहमी चढाच्या बाजूला हवा, म्हणजे चढताना सरळ जा आणि उतरताना रिव्हर्समध्ये या. खानापूरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या भातखाचरांत बांधाला समांतर माल नेऊ नका. रानावरून हेस्कॉमच्या विजेच्या तारा लोंबत असतील तिथे पंजा वर करायचाच नाही.

ऑर्डर देताना आणि घेताना

कारागिराला तीन मापे लागतात: पिनेचा व्यास, दोन पिनांच्या केंद्रांमधले अंतर, आणि लोडरच्या हाताला बसणाऱ्या कानांमधली आतली रुंदी. ती टेपने नको, व्हर्नियरने घ्या. पिन दोन मिलिमीटर सैल बसली तर वर्षभरात भोक अंडाकृती होते. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात जॅक, सील किट, होज पाइप बनवून मिळतात, म्हणून जॅकचे माप चालू बाजारातलेच घ्या. वेगळ्या मापाचे सील हंगामात शोधत फिरावे लागते.

पंजा ताब्यात घेण्याआधी ही तपासणी करा. लाकूड धरून अर्धा मीटर उचला, इंजिन बंद करा, जॅकच्या रॉडवर सीलच्या कडेला खडूची खूण करा. दहा मिनिटांनी बघा. खूण हलली असेल तर सील किंवा चेक व्हॉल्व्ह गळतो आहे. त्या पंजाचे पैसे देऊ नका.

नवीन जॅक जोडल्यावर लाइनमध्ये हवा असते आणि जबडा धक्के देत चालतो. रिकामा आठ-दहा वेळा उघड-मिट करा, मग तेलाची पातळी बघून भरा. जॅक आणि पाइपात गेलेले तेल टाकीतून कमी झालेले असते.

कामात काय बिघडते

रॉड वाकणे ही सर्वात नेहमीची तक्रार. जबडा उघडा ठेवून त्यानेच ढीग ढकलला, की सगळा जोर जॅकच्या रॉडवर येतो. ढकलायचे तर जबडा मिटून, खालच्या दात्यांनी. दुसरी चूक म्हणजे जमिनीतला बुंधा जबड्यात धरून उपटणे. छोट्या ट्रॅक्टरचा पंजा बुंधे उपटायला नाही. बुंध्याभोवती खणून मुळे तोडा, वळवाचा पाऊस मुरल्यावर ते सोपे जाते, आणि मग सुटलेला बुंधा उचला. एकाच कोपऱ्यातल्या दात्याने उचकटले तर लोडरचा हात पिळतो आणि पुन्हा सरळ होत नाही.

पाइप जबड्याच्या सांध्यात चेपतात, म्हणून पूर्ण उघडून आणि पूर्ण मिटून पाइपाला ताण किंवा चिमटा बसतो का ते हाताळण्याआधी बघा, इंजिन बंद करून. गळती शोधायला हात फिरवू नका. सुईएवढ्या भोकातून येणारे तेल कातडीत घुसते, आणि जखम लहान दिसली तरी लगेच शस्त्रक्रिया लागते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा. तेल तापून जबडा मंद झाला तर रिलीफ व्हॉल्व्ह (तेलाचा कमाल दाब ठरवणारा) पिळू नका, आधी फिल्टर बघा.

सर्व पिनांना रोज, म्हणजे आठ-दहा तासांच्या कामाला एकदा, ग्रीस द्या. बाभळीच्या काट्यांत काम असेल तर पुढच्या टायरच्या ट्यूबमध्ये सीलंट भरून घ्या. जुन्या ढिगात घोणस असते, तेव्हा पंजातून निसटलेली फांदी हाताने उचलू नका, पुन्हा पंजानेच धरा.

उभे झाड काढायचे असेल तर कर्नाटक वृक्ष संरक्षण कायदा 1976 प्रमाणे वन खात्याची परवानगी लागते. काही जातींना सूट आहे. तुमचे झाड त्यात येते का, हे कुऱ्हाड लावण्याआधी वनपाल कार्यालयात विचारा.

पाऊस लागण्याआधी पंजा धुऊन, माती सुकवून, फळीवर ठेवा. जॅकचा रॉड पूर्ण आत ढकललेला असावा. पूर्ण आत जात नसेल तर उघड्या भागाला ग्रीसचा जाड थर देऊन प्लास्टिक गुंडाळा. कपलिंगच्या तोंडांना टोप्या घाला, टोप्या नसतील तर दोन्ही तोंडे एकमेकांत जोडून ठेवा. चार महिने भिजलेल्या रॉडवर गंजाचे ठिपके धरतात, आणि दसऱ्यानंतर पहिल्यांदा जबडा चालवला की तेच ठिपके सील कापतात.