ट्रॅक्टर किती ओढेल? कॅटलॉगमधले आकडे नीट वाचा

"दोन टनांची क्षमता आहे," असं शोरूममध्ये कुणी सांगितलं, तर कशाची ते आधी विचारा. बहुतेक वेळा तो हायड्रॉलिकचा आकडा असतो, म्हणजे मागची लिफ्ट किती वजनाचं अवजार उचलेल तो. ट्रॉली ओढण्याशी त्याचा संबंध नाही. एचपीही अर्धीच गोष्ट सांगतो. इंजिन कितीही जोरकस असलं तरी टायरला पकड नसेल तर चाक जागेवर फिरतं.

हिशेब करून बघा. ट्रॉली आणि ऊस मिळून 8 टन. सपाट डांबरी रस्त्यावर ओढ लागते वजनाच्या साधारण 2 टक्के, म्हणजे 160 किलो. त्याला छोटा ट्रॅक्टरही पुरतो. भिजलेल्या काळ्या रानात हीच ओढ 10 टक्क्यांवर, 800 किलोपुढे जाते. ट्रॅक्टर 2100 किलोचा धरला तर मागच्या चाकांवर सुमारे 1260 किलो येतात. चिखलात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी पकड मिळाली तरी ओढ होते 420 किलो. मग 45 एचपी असो की 55, गाडी रुतणारच. अशा वेळी फडातून निम्मीच ट्रॉली बाहेर काढा, उरलेला ऊस बांधावर भरा.

पकड वाढवायची तर मागच्या टायरमध्ये 75 टक्के पाणी भरा. दोन चाकांच्या ट्रॉलीचा थोडा भार हुकावर येतो, त्यानेही पकड वाढते. पण माल मागे जास्त झाला तर हूक वर उचलला जातो आणि पकड सुटते. उलट हुकावर फार भार आला तर पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग ऐकत नाही. तेव्हा पुढे वजनाच्या प्लेटा लावा. ओढायची साखळी टॉप लिंकला, म्हणजे मागच्या लिफ्टच्या वरच्या दांड्याला, कधीच बांधू नका, ट्रॅक्टर पुढून उठून उलटतो. ओढ खालच्या ड्रॉबारवरच, म्हणजे मागे खाली असलेल्या जोडपट्टीवरच हवी.

दोन मॉडेल तोलायची असतील तर मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेचा चाचणी अहवाल मागा. त्यात ड्रॉबारची ओढ जादा वजन लावून आणि न लावता, अशी वेगवेगळी दिलेली असते. एकाची जादा वजनासह आणि दुसऱ्याची त्याशिवाय, अशी तुलना करू नका. विक्रेते नेमकं तेच करतात.

मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगराच्या चढाला दहास एक उतार असेल, म्हणजे दहा फुटांना एक फूट चढ, तर ट्रॅक्टर धरून दर टनामागे 100 किलो ओढ वाढते. उतरताना मात्र खरी मर्यादा ब्रेकची. अनेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतात, 8 टन एकट्या ट्रॅक्टरनेच आवरायचे असतात. डाव्या-उजव्या चाकांचे दोन्ही ब्रेक पेडल कडीने जोडा, चढायला जो गिअर लागला असता तोच उतरायला टाका आणि न्यूट्रलला हात लावू नका.