शिंपल्याची स्फटिकरचना घरी कशी पाहावी

उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गंगापूर धरणाचं पाणी मागे सरकलं की काठच्या चिखलात रिकामे शिंपले उघडे पडतात. त्यातला एक जाडसर, न झिजलेला उचला. दोन्ही शिंपा घट्ट मिटलेल्या असतील तर आत जीव असू शकतो, तो तिथेच राहू द्या. नांदूरमध्यमेश्वर अभयारण्यातून मात्र काहीच आणू नका. मुग्धबलाक पक्ष्याचं ते खाणं आहे.

शिंपला रात्रभर भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा. मग फडक्यात गुंडाळून हातोडीने हलकेच ठोका. डोळ्यांवर चष्मा हवाच, कपच्या सुरीसारख्या धारदार निघतात.

कपचीची मोडकी कड ४०० नंबरच्या, नंतर १००० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासा. पेपर आणि कपची दोन्ही ओली ठेवा, ही धूळ छातीत जाता कामा नये. कड गुळगुळीत झाली की त्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे येतात, कारण हे बहुतेक सगळं कॅल्शियम कार्बोनेट आहे. दहा सेकंदांत धुऊन टाका.

आता २० पट भिंग घ्या आणि टॉर्च तिरपा धरा. सगळ्यात बाहेर तपकिरी साल. तिच्याखाली काडेपेटीतल्या काड्या उभ्या रचाव्यात तसे उभे स्फटिक. त्याच्या आत मोत्याच्या चकाकीचा थर. इथे घाई करू नका. तो चपट्या स्फटिकांच्या चकत्या एकावर एक बसून झालेला असतो. एकेक चकती साधारण अर्धा मायक्रॉन जाड, म्हणजे मिलिमीटरभर जाडीत जवळजवळ २००० चकत्या! सुट्या त्या भिंगातून दिसत नाहीत, पण कपची सावकाश फिरवलीत तर गुलाबी-हिरवी झाक सरकताना दिसते. तिथे रंग नावालाही नाही. चकत्यांची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपासची असल्यामुळे थराथरावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि ती झाक उमटते. चकत्यांच्या मध्ये प्रथिनांचा पातळ लेपही असतो. त्यामुळे भेग सरळ आरपार जात नाही, चकत्यांना वळसे घालत जाते आणि शिंपला सहजी फुटत नाही.

गोड्या पाण्यातल्या शिंपल्याचे हे स्फटिक अॅरागोनाइटचे. कोकणातल्या कालवाचं कवच मुख्यतः कॅल्साइटचं. रसायन तेच, अणूंची मांडणी वेगळी. अॅरागोनाइटची घनता दर घन सेंटिमीटरला २.९३ ग्रॅम, कॅल्साइटची २.७१. कॅल्साइटचे मोठे स्फटिक पाहायचे तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय जवळच आहे.

शेवटी एक पातळ कपची वाटीभर व्हिनेगरमध्ये टाका. बुडबुडे थांबले की व्हिनेगर बदला, दोन-तीन दिवस जाऊ द्या. चुना विरघळून जातो आणि बोटाला चिकटेल इतकी मऊ तपकिरी साल आणि प्रथिनांचा पातळ लेप उरतो.