बागेत नैसर्गिक खेळाची जागा करताय? या चुका टाळा

मोडकी घसरगुंडी, गंजलेले झोके, पेव्हर ब्लॉकची वाट आणि ‘गवतावर बसू नये’ अशी पाटी. आपल्या शहरांतल्या कितीतरी बागा अशाच अवस्थेत आहेत. त्या बघवत नाहीत म्हणून आसपासचे लोक एकत्र येतात. वर्गणी निघते, रविवार ठरतो, कुदळी-फावडी-घमेली गोळा होतात. प्लास्टिकच्या रंगीत खेळण्यांऐवजी मातीचा उंचवटा, ओंडके, वाळू, दगड आणि पाण्याचा चर असं काहीतरी मुलांना मिळावं, ही कल्पना फार मोलाची आहे. १९४३ साली कोपनहेगनजवळ एम्ड्रुप इथे सोरेन्सन या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून टाकाऊ सामानाचं मैदान उभं राहिलं. तिथे मुलं स्वतःच बांधत, मोडत आणि पुन्हा बांधत. हा विचार पुढे अनेक देशांत पोचला.

आपल्याकडे मात्र अशा जागा दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाहीत, असं वारंवार दिसतं. ओंडके भुसभुशीत होतात, उंचवटा वाहून जातो, टायरांत डास होतात आणि शेवटी सगळं ट्रकमध्ये भरून नेलं जातं. श्रमदानात कुणी कसूर केलेली नसते. पण श्रमदानाच्या आधी जे ठरायला हवं ते ठरलेलं नसतं आणि नंतरच्या दोन वर्षांची जबाबदारी कुणाच्या नावावर नसते. खालच्या बहुतेक चुका या दोन जागी होतात.

तोंडी होकारावर काम सुरू करणं

‘करा हो, चांगलं काम आहे’ एवढ्यावर कुदळ मारू नका. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत बागा, उद्यानं आणि क्रीडांगणं ही नागरी संस्थांची कामं म्हणून नोंदलेली आहेत. महापालिकेच्या बागेतला प्रत्येक गंजका झोका ही तिची मालमत्ता असते, तो परस्पर भंगारात देता येत नाही. उद्यान विभागाकडून लेखी पत्र घ्या. काय काढणार, काय बसवणार, पाणी कुठून घेणार आणि दुरुस्ती कोण करणार, हे चारही मुद्दे त्यात हवेत. सोसायटीची मोकळी जागा असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव करून घ्या.

झाडांच्या बाबतीत जास्त जपायला हवं. राज्याच्या १९७५ च्या नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हेही ‘झाड पाडण्या’तच मोडतं. त्यामुळे वाळलेली दिसणारी फांदीसुद्धा वृक्ष अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय उतरवू नका. खणण्याआधी जमिनीखालची वीजवाहिनी आणि जलवाहिनी कुठून गेली आहे हे संबंधित कार्यालयातून जागेवर दाखवून घ्या. पहार वायरीवर बसली तर जीव जाऊ शकतो.

मे महिन्यात टेकडी उभी करणं

सुट्टी असते, मुलं मोकळी असतात, म्हणून बहुतेक गट मे महिना निवडतात. ताज्या मातीचा ढीग जूनच्या पहिल्या सरींना उघडा सापडतो आणि वाटेवर चिखल होऊन पसरतो. टेकडी डिसेंबर-जानेवारीत करा. मुरूम आणि माती एका वेळी साधारण वीतभर जाडीच्या थरांत टाका, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसाने चोपा. मग उन्हाळाभर तिला बसू द्या. ती थोडी खचेल, तेवढी माती पुन्हा चढवा आणि पाऊस लागला की हरळीचे ठोंब दाट लावा. उताराच्या पायथ्याशी वाळ्याची एक ओळ लावली तर त्याची खोल मुळं माती धरून ठेवतात. पहिला पावसाळाभर टेकडीला दोरी बांधून मुलांना थांबवावं लागतं. हे सांगणं जिवावर येतं, पण तेवढं केलं तर पुढे वर्षानुवर्षं त्यांना तिथे लोळता येतं.

दुसरी गडबड उताराची. कमी जागेत उंच टेकडी करायचा मोह होतो. गवत टिकायचं तर एक मीटर उंचीला निदान तीन मीटर उतार लागतो. दीड मीटरच्या टेकडीचा पाया सर्व बाजूंनी मिळून नऊ मीटरहून रुंद होतो. एवढी जागा नसेल तर उंची कमी करा. लहान मुलाला एक मीटरची टेकडीसुद्धा डोंगराएवढी असते.

जमीन काळ्या मातीची असेल तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यात थेट रोवलेला खांब एक-दोन वर्षांत कलतो. खड्डा खोल घ्या, तळाशी खडी घाला आणि भोवती काळी माती न भरता मुरूम भरा.

भरावासाठी फुकट मिळतो म्हणून बांधकामाचा राडारोडा कधीही घेऊ नका. त्यात काचा, फरशीचे तुकडे, तारा आणि सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचे तुकडे असतात. अशा पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस हे फुप्फुसांना घातक तंतुमय खनिज असण्याची शक्यता असते. पावसाने वरची माती धुतली गेली की हे सगळं मुलांच्या तळव्याखाली येतं.

ओंडके मिळाले तसे पुरणं

पावसाळ्यात पडलेल्या झाडांचं लाकूड उद्यान विभागाला विनंती करून मिळू शकतं आणि ते वापरणं चांगलंच आहे. मात्र आंबा, गुलमोहर, सावर ही लाकडं मातीला लागली की लवकर कुजतात. ती अशा ठिकाणी ठेवा जिथे कुजणं हाच खेळ आहे: बुंध्याखालचे किडे, अळंबी, गोगलगाई बघायचा कोपरा. ज्यावर मुलं चढणार, तोल सांभाळत चालणार, तिथे बाभूळ किंवा साग घ्या आणि साल आधी पूर्ण सोला. सालीखाली ओल साठते आणि वाळवीला आयता आडोसा मिळतो.

ओंडका शक्यतो पुरू नका, दगडांच्या बैठकीवर टेका म्हणजे खालून वारा लागतो. पण तो गडगडणार नाही असा पक्का बसवा. खांब पुरायलाच लागला तर काँक्रीटच्या खड्ड्यात उभा करू नका. काँक्रीटचा खड्डा तळाशी पाणी धरून ठेवतो आणि खांब नेमका जमिनीच्या पातळीला कुजतो. वरून तो धडधाकट दिसतो, म्हणून हा धोका लक्षात येत नाही. दर तीन महिन्यांनी जमिनीलगत स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. तो सहज आत गेला तर खांब त्याच दिवशी काढा.

वाळवीवर उपाय म्हणून गॅरेजमधलं जळकं ऑइल लावायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. मुलांच्या जागेत ती पूर्ण बंद हवी. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये जड धातू आणि कर्करोगाला कारण ठरणारी रसायनं असतात, आणि ती मुलांच्या हातांवरून पोटात जातात. जवसाचं तेल हा साधा पर्याय आहे. ते दरवर्षी लावावं लागतं, आणि तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पाण्यात भिजवूनच टाका. बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया उघड्यावर पावसाने धुऊन जाते, ती छपराखालच्या लाकडालाच उपयोगी. बांबू जमिनीत पुरू नका, आणि त्याची तोडलेली टोकं कानशीने घासल्याशिवाय मुलांच्या हाती देऊ नका.

टायर

याविषयी मला तीव्रपणे वाटतं. रंगवलेले जुने टायर जवळजवळ प्रत्येक श्रमदानात येतात, कारण ते फुकट असतात आणि फोटोत छान दिसतात. पण पाऊस पडला की टायरच्या आतल्या कडेत पाणी राहतं, आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला एवढं पुरतं. उष्ण दमट हवेत त्याच्या अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. अंडी कोरड्या पृष्ठभागावर अनेक महिने तग धरतात, म्हणून उन्हाळ्यात कोरडा पडलेला टायरही निर्धोक नसतो. टायर घ्यायचेच तर प्रत्येकाला खालच्या बाजूने चार-पाच मोठी भोकं पाडा, किंवा ते मातीने गच्च भरा. आतल्या पोलादी तारा बाहेर आलेले टायर परत पाठवा. तसाही एप्रिल-मेमध्ये काळा रबर इतका तापतो की मूल त्यावर बसू शकत नाही.

हाच नियम पाण्याच्या खेळाला लागू होतो. चर असा करा की मुलांनी हातपंप किंवा नळ सोडला की पाणी वाहावं आणि थोड्या वेळात झाडांच्या आळ्यांत मुरून जावं. साठणारं तळं नको. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं.

झाडांना सजवणं

खोडाला गेरू-चुना, खिळ्यांनी ठोकलेल्या पाट्या, बुंध्याभोवती सिमेंटचा पार. यातलं काहीही झाडाच्या फायद्याचं नाही. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, ते मुळांना हवा-पाणी मिळावं म्हणूनच. टेकडीसाठी आणलेली माती जुन्या झाडाच्या बुंध्याशी रचणं हा तर त्याला हळूहळू मारायचा मार्ग आहे. अन्नपाणी घेणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि भरावाखाली ती गुदमरतात.

नवी झाडं निवडताना कण्हेर, बिट्टी, गुंज, धोत्रा आणि मोगली एरंड यांना बागेत जागा देऊ नका. पाचही विषारी आहेत. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या समजून खाल्ल्याने मुलांना विषबाधा झाल्याच्या घटना आपल्याकडे घडल्या आहेत. कण्हेर तर रस्त्यांच्या दुभाजकांवर इतकी दिसते की ती निरुपद्रवी वाटते. त्यांच्या जागी जांभूळ, भोकर, कांचन, पारिजातक, कढीपत्ता, गवती चहा लावा. फळं वेचता यावीत, पानं चुरगाळून वास घेता यावा, आणि पक्ष्यांनाही काही मिळावं.

हल्ली कुठल्याही मोकळ्या जागेत मियावाकी पद्धतीने दाट लागवड करायचा आग्रह होतो. एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपं लावली की तिसऱ्या वर्षी त्यात मूल शिरू शकत नाही. कुंपणालगत पट्टा करायला ती पद्धत ठीक आहे. खेळायच्या जागेला विरळ, उंच वाढणारी सावली हवी आणि मोठ्यांची नजर आरपार जायला हवी.

एक तर बिनधास्त, नाहीतर भेदरट

काही गट सुरक्षेचा विचारच करत नाहीत, तर काही जण घाबरून सगळी उंची काढून टाकतात. दुसऱ्या प्रकारच्या बागेत मुलं दोनदा येतात आणि मग पार्किंगमधल्या गाड्यांवर चढतात. उंची ठेवा, पण पडल्यावर काय होईल हे आधी ठरवा. चढायच्या ओंडक्याखाली पेव्हर किंवा चोपलेली जमीन नको. निदान ३० सेंटीमीटर सैल वाळू किंवा लाकडाचा भुगा हवा, आणि तो ओंडक्याभोवती दोनेक मीटरपर्यंत पसरलेला हवा. पायांनी तो बाजूला सरकतो, म्हणून दर आठवड्याला दाताळ्याने परत ओढावा लागतो. क्रश सँडमध्ये, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूत, धूळ आणि टोकदार कण जास्त असतात. मुलांसाठी गोल दाण्याची, धुतलेली आणि रीतसर पावतीची वाळू घ्या.

एक माप मात्र पाठ करून ठेवा. पायऱ्या, कठडे, दोरीची जाळी यांत ९ ते २३ सेंटीमीटर रुंदीची फट कुठेही नको. एवढ्या फटीतून मुलाचं शरीर जातं आणि डोकं अडकतं. युरोप-अमेरिकेतल्या खेळमैदानांच्या मानकांत हा आकडा आहे, आणि तो तपासायला टेपशिवाय काही लागत नाही.

साप येतील अशी भीती पालक नेहमी बोलून दाखवतात. ती गैर नाही. दगड-ओंडक्यांचे ढीग लहानग्यांच्या कोपऱ्यापासून दूर ठेवा. खाऊची पाकिटं पडू देऊ नका, कारण खरकट्यामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे घोणस-नाग. साप दिसला तर कुणी काठी उचलू नये. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक फाटकावर लिहून ठेवा.

मुलांना आणि माळीकाकांना न विचारणं

आराखडा मोठे लोक व्हॉट्सअ‍ॅपवर ठरवतात. त्याऐवजी एक संध्याकाळ बागेत बसून पाहा. मुलं कुठे बसतात, कुठून उडी मारतात, मोठ्या मुलांचं क्रिकेट सुरू झालं की मुली कुठे जातात. घरकामाला येणाऱ्या ताईंची मुलं दुपारी फाटकाबाहेर का थांबतात, हेही विचारा. बऱ्याच बागांना दुपारी कुलूप असतं, आणि ते उघडं राहावं म्हणून अर्ज करणं हे टेकडीइतकंच महत्त्वाचं काम आहे. व्हीलचेअरवरच्या मुलासाठी वाटेचा चढ १२ ला १ (बारा मीटर लांबीला एक मीटर उंची) पेक्षा तीव्र नको. वाळूचा एक हौद टेबलाच्या उंचीवर हवा.

आणि माळीकाका. ठेकेदाराकडून येणाऱ्या माणसाला पाचोळा झाडायला आणि गवत कापायला सांगितलेलं असतं. तुम्ही मुद्दाम ठेवलेला पाचोळ्याचा कोपरा त्यांच्या दृष्टीने न केलेलं काम असतं, आणि त्याबद्दल बोलणी त्यांना बसतात. पहिल्या दिवसापासून त्यांना सोबत घ्या. कुठे कापायचं नाही ते दगडांची ओळ लावून दाखवा, आणि ही जागा मुद्दाम अशी ठेवली आहे असं पत्र उद्यान विभागाकडून त्यांच्या मुकादमांना द्या. बागेची माती, पाणी आणि वाळवी यांबद्दल त्यांना जे कळतं ते आराखडा करणाऱ्याला सहसा कळत नाही.

आता काम बिघडलंच असेल तर

झोक्याखाली डबकं होत असेल तर वर माती टाकत राहू नका. अर्धा फूट खणून खडी घाला, एका बाजूला उतार काढून पाणी चरात सोडा, मग सैल वाळू भरा. सावलीत हरळी मरतेच. तिथे पाचोळा किंवा भुगा पसरा. वाळूत कुत्री-मांजरं घाण करत असतील तर रात्री जाळीचं झाकण घाला आणि रोज सकाळी एक फेरी मारून घाण काढा. त्या घाणीतून जंतांची अंडी पसरतात.

चिखलाने मुलं आजारी पडतात अशी तक्रार आली तर ती झटकू नका. हात धुवायला नळ आणि साबण फाटकाजवळच ठेवा. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षांच्या मुलांना मोफत गोळी मिळते, हे पालकांना सांगा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधल्या एका अभ्यासाचीही माहिती द्या. तिथे पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती आणि हिरवळ आणली, तेव्हा २८ दिवसांत मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंचं वैविध्य वाढलं आणि रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित काही चांगले बदल दिसले.

टेकडी खचली असेल तर पावसाळ्यात तिला हात लावू नका. ताडपत्री घाला, पाण्याची वाट वळवा आणि दिवाळीनंतर पुन्हा थर चढवायला घ्या. त्याच बैठकीत पुढच्या दोन उन्हाळ्यांत रोपांना पाणी कोण घालणार, याची वारानुसार यादी करून ती फाटकाच्या आतल्या बाजूला लावा.