जॉर्जियन घरातला फ्लॅट: सिमेंटची थापी आधी खाली ठेवा

लंडनमध्ये इझलिंग्टन, ब्लूम्सबरी भागात 1714 ते 1830 च्या दरम्यान, म्हणजे जॉर्ज राजांच्या काळात बांधलेल्या ‘जॉर्जियन’ विटांच्या घरांचे फ्लॅट झालेत. आम्ही अशाच एका घराच्या तळमजल्यावर राहायला आलो. पहिल्याच हिवाळ्यात पुढच्या भिंतीला ओल आली. बोलावलेल्या मिस्त्रीने विटांमधल्या दरजा खरवडून त्यात सिमेंट भरलं. काम दिसायला झकास. दोन वर्षांत विटांचे पापुद्रे निघायला लागले, आतून लोणा फुटला. सिमेंटची रेघ मात्र जशीच्या तशी!

ह्या भिंती भरीव, मधे पोकळी नाही. पावसाचं पाणी वीट पिते आणि ते चुन्याच्या दरजांतून परत वाळून जातं. सिमेंटने ती वाट बुजते, मग पाणी विटेतच अडकतं आणि थंडीत गोठून तिचा चेहरा उडवतं. तेव्हा दरजा चुन्यानेच भरा, आत रंगही चुन्याचा किंवा हवा जाऊ देणारा लावा. वाड्यात वाढलेल्याला हे सांगायला नको, पण मीही फसलोच.

ओल वरच्या मजल्यावर असेल तर भिंतीशी झटापट नको, आधी छप्पर बघा. रस्त्यावरून छप्पर दिसत नाही, कारण ते कठड्यामागे आत उतरतं. दोन उतारांच्या मधली पन्हळ पानांनी, कबुतरांच्या घरट्याने तुंबली की पाणी खाली कुठेही निघतं. पन्हळ कुणी साफ करायची, हे लीजमध्ये वाचून ठेवा.

दुसरी मोठी चूक म्हणजे टकटक करून ‘पोकळ वाजते’ म्हणत भिंत पाडणं. ह्या घरांत पुढची नि मागची खोली वेगळी करणारी लाकडी सांगाड्याची भिंत बऱ्याचदा वरच्या तुळयांचा भार घेते. छताजवळची नक्षी तीन बाजूंना आहे आणि चौथीला नाही, तर ती चौथी भिंत बहुधा घराचे फ्लॅट करताना नंतर घातलेली. पण तेवढ्यावर हातोडा उचलू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. ह्यातली बरीच घरं ‘लिस्टेड’, म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत नोंदलेली आहेत, त्यामुळे आतल्या बदलांनाही कौन्सिलची परवानगी लागते, आणि विनापरवाना काम हा चक्क फौजदारी गुन्हा आहे. आधीच्या मालकाने काही पाडलं असेल तरी ते पूर्ववत करण्याची नोटीस तुमच्या नावे येऊ शकते, म्हणून फ्लॅट घेतानाच वकिलाला जुन्या परवानग्या मागायला सांगा.