डिशच्या केबलमध्ये विजेचा वेग कसा मोजावा

प्रकाशाचा निर्वातातला वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. आकडा अवाढव्य वाटतो, पण नॅनोसेकंदात मांडला की हाताशी येतो: एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या पट्टीएवढं अंतर. १०० मेगाहर्ट्झच्या साध्या डिजिटल स्कोपवर (ऑसिलोस्कोप, वेळेनुसार व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) पाच-दहा नॅनोसेकंद सहज दिसतात. त्यामुळे विजेचा वेग मोजायला मैलभर तार लागत नाही, गच्चीवरून उरलेली २० मीटर आरजी-६, म्हणजे डिश टीव्हीची नेहमीची केबल पुरते.

पद्धत अशी: केबलच्या एका टोकाला व्होल्टेजची तीव्र पायरी द्यायची, ती दुसऱ्या टोकावर आपटून परत आली की वेळ वाचायची.

पायरी देणारं सर्किट

७४एसी१४ ही आयसी घ्या. तिच्यात इनपुट उलटवून देणारी सहा गेट्स असतात. एचसी मालिकेतली चालते, पण तिची कड (व्होल्टेज बदलतं तो उभा भाग) मंद असते. पाय १ आणि २ यांच्यात १० किलोओहम, पाय १ ते ग्राउंड १ नॅनोफॅरड. यातून साधारण शंभर-सव्वाशे किलोहर्ट्झचा चौकोनी तरंग मिळतो. पाय २ हा ३, ५ आणि ९ ला जोडा. ४, ६ आणि ८ या तीन आउटपुटना प्रत्येकी २२० ओहमचा रेझिस्टर लावून तिन्हींची दुसरी टोकं एकत्र आणा. तीन समांतर २२० म्हणजे ७३ ओहम, त्यात गेटचे स्वतःचे थोडे. केबलच्या ७५ ओहमशी (धावणाऱ्या तरंगाला ती इतका रोध दाखवते) छान जुळतं. उरलेले इनपुट ११ आणि १३ ग्राउंडला बांधा, मोकळे सोडू नका. पाय १४ (पुरवठा) आणि ७ (ग्राउंड) यांच्यात ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर अगदी आयसीला चिकटून हवा. तो दोन इंच लांब गेला, तर पायरीच्या माथ्यावर लाटा उठतात आणि नेमकी कड कुठली हेच कळत नाही. याच कारणासाठी ब्रेडबोर्डऐवजी व्हेरोबोर्डवर (तांब्याच्या पट्ट्यांचा भोकांचा बोर्ड) डाग द्या. पुरवठ्याला तीन पेन्सिल सेल, म्हणजे ४.५ व्होल्ट. मोबाइल चार्जरचा कचरा स्कोपवर उगाच दिसतो.

केबल जोडताना एक अडचण हमखास येते. आरजी-६ मध्ये मधल्या तारेभोवती प्लास्टिक आणि त्यावर धातूची जाळी असते. ही जाळी बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची असते, तिला सोल्डर धरत नाही. एफ-कनेक्टर (डिशच्या केबलला असतो तो) लावा आणि बोर्डवर एफ-सॉकेट बसवा: मधला पाय तीन रेझिस्टरांच्या सांध्याला, बाहेरचा ग्राउंडला. जाळीचा एक जरी केस मधल्या तारेला टेकला, तरी सगळं मोजमाप शॉर्ट दाखवतं. केबल आधी कुठे जोडलेली असेल तर दोन्ही टोकं सोडवून घ्या. सेट-टॉप बॉक्स डिशकडे १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो, ते आयसीला मारतात.

मोजणी

स्कोपचा प्रोब १०एक्सवर (सिग्नल दहापट लहान करून देणाऱ्या जागेवर) ठेवा आणि तीन रेझिस्टर जिथे एकत्र येतात तिथेच टेकवा. ग्राउंडची लांब मगर-क्लिप काढून छोटी स्प्रिंग लावा. स्कोपवर १ व्होल्ट आणि ५० नॅनोसेकंद प्रतिचौकोन, ट्रिगर चढत्या कडेवर १ व्होल्टला. २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ मर्यादा चालू राहिली असेल तर बंद करा.

केबलचं दुसरं टोक मोकळं ठेवा. पडद्यावर एक नाही, दोन पायऱ्या दिसतील: व्होल्टेज शून्यावरून २.२५ ला चढतं, तिथे थबकतं, मग ४.५ ला जातं. हा थबकलेला सपाट भाग, म्हणजे पाट, हाच जाण्या-येण्याचा वेळ. पहिली कड १.१ व्होल्टला आणि दुसरी ३.४ व्होल्टला, म्हणजे प्रत्येक कडेच्या मध्यावर, कर्सरने पकडा. दुसरी कड केबलमधल्या नुकसानीमुळे थोडी तिरकी होते. पायथ्यावर किंवा माथ्यावर मोजलं तर उत्तर तीन-चार नॅनोसेकंदांनी हलतं.

समजा १६१ नॅनोसेकंद आले. अंतर ४० मीटर, कारण तरंग गेला आणि परत आला. (इथे २० धरणं ही सगळ्यात नेहमीची चूक.) ४० भागिले १६१ म्हणजे नॅनोसेकंदाला ०.२४८ मीटर, प्रकाशाच्या वेगाच्या ८३ टक्के. फोम भरलेल्या आरजी-६ ला हेच यायला हवं. आतलं पॉलिथिन भरीव असेल, उदाहरणार्थ आरजी-५८, तर ६६ टक्के येतात. पण ती ५० ओहमची असल्याने रेझिस्टर १५० ओहमचे लावा. केबलची लांबी टेपने मोजा. २० सेंटिमीटरची चूक उत्तरात एक टक्का घालते. वेटोळं सोडवायची गरज नाही, कोॲक्सचं (अशा जाळीवाल्या केबलचं) विद्युतचुंबकीय क्षेत्र जाळीच्या आत कोंडलेलं असतं.

८३ आणि ६६ हा फरक तांब्यामुळे पडत नाही, मधल्या प्लास्टिकमुळे पडतो. भरीव पॉलिथिनचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतक्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचं माप) सुमारे २.२५, त्याचं वर्गमूळ १.५, वेग तितक्या पटीने घटतो. फोममध्ये निम्मी-अधिक हवाच असते, म्हणून तरंग जास्त वेगाने जातो. धावतं ते तारेभोवतीचं विद्युतचुंबकीय क्षेत्र. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून १ अँपिअर डीसी वाहताना इलेक्ट्रॉन तासाला जेमतेम २६ सेंटिमीटर सरकतात. आपल्या केबलमध्ये तरंग ४० मीटर फिरून येतो, तेवढ्यात मधल्या तारेतला इलेक्ट्रॉन सरासरी एका अणूच्या रुंदीएवढाही पुढे गेलेला नसतो.

त्या पाटाकडे पुन्हा एकदा नीट बघा. टोक मोकळं आहे, सर्किट पूर्ण नाही, तरीही त्या १६१ नॅनोसेकंदांत केबलमध्ये २.२५ भागिले ७५, म्हणजे ३० मिलीअँपिअर वाहत असतात. पुढे काय आहे हे स्रोताला अजून पोहोचलेलंच नसतं. आता टोक शॉर्ट करा: पहिला अर्धा भाग जसाच्या तसा, आणि त्याच क्षणी व्होल्टेज वर जाण्याऐवजी शून्याकडे कोसळतं. टोकाला १५० ओहमचे दोन मेटल फिल्म रेझिस्टर समांतर लावा, दुसरी पायरी नाहीशी होते. वायरवाउंड रेझिस्टर नको, तो स्वतःच कॉइल आहे. १०० ओहम लावला तर सुमारे ०.३ व्होल्टची छोटी उडी दिसेल. टोकाचा रेझिस्टर केबलशी किती जुळत नाही, ते त्या उडीवरून मोजता येतं.

पाच मीटरपेक्षा आखूड केबलवर हे करू नका. १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपची स्वतःचीच कड ३.५ नॅनोसेकंदांची असते.

एकदा ८३ टक्के हा आकडा हाती आला की तीच जोडणी बिघाड शोधायला वापरा. भिंतीतल्या केबलवर पाट ६२ नॅनोसेकंदांनंतर खाली कोसळला, तर एका बाजूचे ३१ गुणिले ०.२४८, म्हणजे ७.७ मीटरवर जाळी आणि मधली तार टेकली आहे. तिथे वरची उडी दिसली तर तार तुटली आहे. हळू चढणारा उंचवटा आणि मग घसरण असे मिश्र आकार दिसले तर सांध्यात पाणी शिरलं असण्याची शक्यता धरा, आणि भिंत फोडण्याआधी दुसऱ्या टोकाकडूनही मोजून दोन्ही अंतरांची बेरीज केबलच्या लांबीएवढी येते का ते बघा.