शनिवारच्या अडथळा शर्यती: घोडा कसा निवडायचा

हिवाळ्यात नागपुरात संध्याकाळचे सहा वाजले की इंग्लंडात दुपारचे साडेबारा. तिकडे अडथळ्यांच्या शर्यती सुरू होतात, इकडे आमचा वाद. पैसे लावत नाही. ज्याचे घोडे मागे पडले त्यानं रविवारी सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घालायचे.

नावावर भाळू नका. आधी मैदान किती ओलं ते बघा. शर्यतीच्या पत्रकात 'सॉफ्ट' किंवा 'हेवी' (म्हणजे ओलं, चिखलाचं) लिहिलं असेल तर चिखलात आधी जिंकलेलाच घ्या.

मग पत्रकात घोड्याच्या नावाआधीचे आकडे, म्हणजे आधीच्या शर्यतींत तो कितवा आला ते. समजा, '२एफ१-१३पी'. सगळ्यात उजवीकडे ताजी शर्यत, आडवी रेघ म्हणजे मोसम बदलला. एफ म्हणजे घोडा पडला, यू म्हणजे नुसता स्वार खाली आला, पी म्हणजे मधेच थांबवला. आता हा शेवटचा पी कशामुळे? चिखल, की झेपलं नाही एवढं अंतर? तेवढं शोधलं की अर्धं काम झालं बाप्पा!

नावापुढे 'सीडी' असेल तर तो त्याच मैदानावर, त्याच अंतरात जिंकलाय. चेल्टनहॅमच्या मैदानावर मी याला फार मानतो, तिथला शेवट चढाचा आहे. केम्प्टनचं मैदान मात्र सपाट.

अडथळे दोन प्रकारचे: लहान ते हर्डल, किमान साडेतीन फुटी; मोठे ते फेन्स, किमान साडेचार फुटी. हर्डलचा राजा पहिल्यांदाच फेन्सवर येत असेल तर थांबा, एक शर्यत बघू द्या.

हँडिकॅप नावाच्या शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात. त्यात वीस-बावीस घोडे असले की मी ती शर्यत सरळ सोडतो.