साझ हॉप्स : २० लिटर पिल्सनर बिअरसाठी

हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं. चेक प्रजासत्ताकातल्या झातेत्स गावच्या या हॉप्समध्ये अल्फा आम्ल, म्हणजे उकळल्यावर कडवटपणा देणारा घटक, जेमतेम ३ ते ४.५ टक्के. म्हणून कडवटपणासाठी ते सढळ हाताने घालावे लागतात.

वॉर्ट, म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) गोड काढा, ९० मिनिटं उकळा. अल्फा ३.५ टक्के असेल तर शेवटची ६० मिनिटं उरली की ६० ग्रॅम हॉप्स घाला, ३० उरली की ३० ग्रॅम आणि १० उरली की आणखी ३० ग्रॅम. पाकिटावरचा आकडा आधी बघाच: अल्फा ३ असेल तर पहिला हप्ता ७० ग्रॅमचा करा. उकळताना झाकण ठेवू नका. पिल्सनर माल्टमधला उकडलेल्या मक्यासारखा वास वाफेबरोबरच जातो.

पाणी मृदू हवं. सल्फेट जास्त असलं की साझचा मऊ कडवटपणा खरखरीत होतो, आणि मग हा महागाचा हॉप वापरण्यात अर्थच उरत नाही.

वॉर्ट झटपट थंड करून लागर यीस्ट (थंडाव्यात आंबवणारं यीस्ट) १० ते १२ अंशांवर घाला.

उरलेले हॉप्स हवाबंद करून फ्रीझरमध्येच ठेवा. हवा लागली तर चीजसारखा वास येतो. तसे हॉप्स सरळ टाकून द्या.